खात्रीचा फोन

१

माझी ताई ज्या पेपरात काम करायची, तिथे मेलेल्या माणसाची बातमी छापण्याआधी त्याच्या घरी फोन करायची पद्धत होती.

पद्धत म्हणजे पद्धतच. कुणी येऊन सांगितलं, अमुक गेले, फोटो दिला, डोळे पुसले, तरी तेवढ्यावर छापायचं नाही. ज्या घरातून माणूस गेला त्या घरचा नंबर घ्यायचा, फोन लावायचा आणि घरातल्याच कुणाच्या तरी तोंडून 'हो, खरं आहे' ऐकायचं. मगच बातमी पानात जायची. पूर्वी कधीतरी एका खोडसाळ माणसाने शेजाऱ्यावरचा राग काढायला त्याच्या मरणाची बातमी दिली होती. शेजारी सकाळी चहा पिता पिता स्वतःचा फोटो बघून खुर्चीवरून पडला. मेला नाही, कंबर मोडली. तेव्हापासून हा नियम. त्याला सगळे खात्रीचा फोन म्हणायचे.

ताई तिथे बिनपगारी शिकाऊ म्हणून गेली होती. एक संस्था होती, तरुण पोरांना परदेशातल्या छोट्या पेपरांत पाठवायची. राहायला खोली, जेवायला दोन वेळ, बाकी सेवा. मोर्चे, निवडणुका असलं काहीतरी लिहायला मिळेल म्हणून ती गेली आणि तिच्या वाट्याला आले हे फोन. मला वाटलं होतं ती चिडेल. पण ती फोनवर हसून हसून सांगायची, "आई, तुझी पोरगी सातासमुद्रापार येऊन लोकांना विचारते, तुमच्याकडे कुणी मेलंय का हो?"

"थुंक आधी," आई म्हणायची. "जिभेला काही हाड!"

तिला हे काम का दिलं, तेही तिनेच सांगितलं होतं. तिथली भाषा तिला नुकती कुठे यायला लागली होती. ती सावकाश बोलायची, एकेक शब्द काचेच्या भांड्यासारखा उचलून ठेवायची. रडणाऱ्या माणसाला तेच बरं पडायचं. तिच्याशी बोलता बोलता तोही सावकाश व्हायचा.

मी वेल्डिंगचं काम करतो. शाळा सातवीत सुटली. अक्षरं ओळखीची आहेत, पण ओळ लांब झाली की माझा हात सोडून पळते. त्यामुळे पेपर आमच्या घरात ताईच वाचायची, मोठ्याने, सकाळी. आई चुलीपाशी, मी तोंडात ब्रश घेऊन उंबऱ्यात. मोठमोठ्या पुढाऱ्यांची भाषणं ती अशी वाचायची की माझ्या तोंडातला फेस उडायचा, आणि कुणाचा तरी हरवलेला बोकड अशी वाचायची की आई पदराने डोळे टिपायची. "सापडला का गं तो?" आई दुसऱ्या दिवशी विचारायची. ताई पेपर उलटसुलट करून शोधायची. नसला तरी म्हणायची, "सापडला, सापडला. दुसऱ्याच्या अंगणात खात उभा होता."

तो आवाज आठवतो तेव्हा सकाळ आठवते. दुसरं काही नाही.

२

तिला ताप आला. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले.

संस्थेच्या माणसाने घरी फोन केला. आईने फोन ऐकून घेतला, ठेवला आणि कणीक मळायला बसली. मी कामावरून आलो तेव्हा तीच मला म्हणाली, "कुणीतरी काहीतरी सांगत होतं ताईबद्दल. तू जाऊन ये." मी त्या माणसाला उलट फोन करून त्याच्यावर ओरडलो, मग रडलो, मग पुन्हा ओरडलो. आई माझ्याकडे बघत होती. निघताना तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "फोनवर कुणीही काहीही सांगतं. तिच्या पेपरात येऊ दे. ते लोक खात्री केल्याशिवाय छापत नाहीत, तिनेच सांगितलंय. छापलेलं घेऊन ये. मग मी मानीन."

मी म्हणालो, "आणतो." दुसरं काय बोलणार? 'आई, ताई गेली' हे शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हते. पेपर सांगेल, असं मीही मनात ठरवून टाकलं.

मी तिला पाहिलं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे मला स्वतःलाच ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दवाखान्यातल्या थंड खोलीत कुणीतरी तिचे केस विंचरले होते आणि भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. मी तो बोटांनी सरळ केला. विजेच्या दाहिनीचं दार माझ्यासमोर बंद झालं. त्यात शंका नाही.

पेपरचे गठ्ठे पोचवणारा गाडीवाला आपल्याकडचा होता. तिथे उभं आयुष्य काढलेला, पोट सुटलेला, सगळे त्याला मामाच म्हणायचे. तो नसता तर मी मुका आणि बहिरा. त्यानेच मला ताईच्या खोलीवर नेलं.

खोली पेपरच्या ऑफिससमोरच होती. मधे एक बोळ, इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. दोन्हीकडे दुसऱ्या मजल्यावर खिडकी. इकडे ताईची, तिकडे तिच्या ऑफिसची. ती म्हणायची, "मी उशिरा निघते आणि तरी लवकर पोचते." खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या पद्धतीचा फोन, त्याची वायर लांबलचक, पलंगापर्यंत यावी म्हणून तिनेच वाढवून घेतलेली. पडद्याला सेफ्टी पिन. आरशाच्या कोपऱ्यात वापरून चिकटवून ठेवलेल्या टिकल्या. टेबलावर कंगवा, आणि त्यात अडकलेल्या केसांत ती.

"इथे झोपशील ना रे?" मामाने विचारलं. "का माझ्याकडे येतोस?"

"इथेच."

"बघ हं. रडायचं असलं तर रड, पण भिंती पातळ आहेत. मालकीण जरा बहिरी आहे म्हणून ठीक, नाहीतर तीही रडायला येईल."

३

बातमी घेणाऱ्या बाईंना ताई मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणालो. पांढरे केस, जाड चष्मा, गळ्यात त्याची साखळी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग ताईचा फोटो घेतला, मजकूर घेतला आणि मामाला काहीतरी म्हणाल्या.

"उद्या येईल म्हणतात," मामा म्हणाला. "तेवढा खात्रीचा फोन होईल."

"कसली खात्री? ही सगळी माणसं दाहिनीवर आली होती की! या स्वतः आल्या होत्या!"

"नियम आहे बाबा. संपादकाचा बाप गेला तेव्हासुद्धा याच बाईंनी संपादकाच्या घरी फोन केला होता. संपादक समोरच्या टेबलावर बसून रडत होता, तरी. आणि तुझ्या बहिणीला तो नियम फार आवडायचा. ती म्हणायची, मेल्यावर निदान एकदा तरी माणसाला घरी फोन येतो."

"पण त्यांच्याकडे तिच्या खोलीचाच नंबर ना? तिथे आहे कोण? मी तर इथे उभा आहे."

"मालकिणीला किल्ली दे, ती उचलेल. नाहीतर तू जाऊन बस. फोन होणार दुपारी."

दुपारी मी दाहिनीवर होतो. अस्थी घ्यायच्या होत्या, सही करायची होती. ते आटपून आलो आणि तसाच आडवा झालो.

सकाळी मामाने गाडीतूनच पेपर उघडला, ते पान काढलं, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"नाही आली."

मी जिने चढून गेलो ते थेट मावशींच्या टेबलापाशी. त्यांनी कागद दाखवला. ताईच्या फोटोवरून एक सरळ तिरपी रेघ मारलेली होती.

"फोन केला होता म्हणतात," मामा हळूच म्हणाला. "घरून नाही म्हणाले."

"कोण नाही म्हणालं?"

मावशी चष्म्याची साखळी चाळवत बोलल्या. मामाने ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळला. "एक मुलगी होती. म्हणाली, काहीतरी चूक होतेय तुमची, इथे सगळे ठीक आहेत."

मी टेबलावर हात आपटला. दौत, पेन्सिली, सगळं उडालं. आजूबाजूची टाइपची मशीन वाजायची थांबली.

"अरे, टेबल त्यांचं आहे आणि हात तुझा," मामा म्हणाला. "दोन्ही सांभाळ."

मी मालकिणीला जाऊन विचारलं. तिच्याकडे भाची नाही, पुतणी नाही, मोलकरीण नाही. ती एकटी. किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. मामाने तिच्या कानाशी ओरडून ओरडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, फोन वाजलाच नाही.

"चुकीचा नंबर लागला असेल," मी म्हणालो.

"असेल की," मामा म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

४

दुसऱ्या दुपारी मावशी पुन्हा फोन लावणार होत्या, म्हणून मी खोलीत बसलो.

खिडकी सताड उघडली. समोर मावशींचा पांढरा अंबाडा दिसत होता. मी मुद्दाम पलंगावर दाराकडे तोंड करून बसलो, फोन पाठीशी, हात मागे केला तर लागेल असा. कुणी आत आलं तर दारातूनच येणार. येऊ दे, म्हटलं. बघतोच.

बसल्या बसल्या खोलीची सवय होते. दाराला अडकवलेला तिचा टॉवेल कडक वाळला होता. नळ थेंब थेंब गळत होता आणि त्याखाली तिने फडकं ठेवलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. आमच्या घरच्या नळाखालीही ती तसंच ठेवायची. एकदा मी ते उचलून बूट पुसला होता, तर माझ्या मागे झाडू घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावली होती. सापडलो तेव्हा दोघांनाही इतकी धाप लागली होती की मारायचं राहूनच गेलं. झाडू टेकून ती रस्त्यात बसली आणि म्हणाली, "जा, पाणी आण. पाणी पिऊन मारते."

डोळा लागला नाही. हे मी शपथेवर सांगतो. झोप कशी असते तेच मी त्या दिवसांत विसरलो होतो. फोन वाजला नाही. दार हललं नाही. एकदा पाठीवर जरा गार लागलं, आणि मग गार लागायचं थांबलं. एवढंच.

मग खाली छपाईची घरघर सुरू झाली. जमिनीतून तळपायाला कळते ती. म्हणजे पान गेलं. मी चप्पल न घालताच धावलो.

"फोन का नाही केला?"

मावशींनी माझ्या गालावर हात ठेवला. त्यांचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा होता. त्या बोलत होत्या आणि मामा सांगायचा थांबला होता.

"सांगा ना मामा."

"फोन केला म्हणतात. बोलणं झालं म्हणतात. आज तिचा आवाज बरा होता, कालच्यासारखा बसलेला नव्हता."

"मी तिथेच होतो!"

"हो. तू दिसत होतास. पलंगावर, इकडे पाठ करून. या म्हणतात..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "फोनची वायर तुझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. ताणलेली. पलीकडे भिंत आड येते, तिथलं दिसत नाही. त्यांना वाटलं, तूच तिला फोन उचलून दिलास."

मी स्वतःच्या खांद्यावर हात फिरवला.

"आणि मधेच ती म्हणाली, थांबा हं, खिडकी लावते, तुमच्याकडच्या टाइपच्या मशीनचा आवाज येतो."

मी मान वळवली. समोर ताईची खिडकी बंद होती. कडीसकट.

५

त्या रात्री मी मामाकडे राहिलो. मामाने मला पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाईंचं वय झालंय. त्यांचा ताईवर जीव होता, रोज डबा वाटून खायच्या. माणसाला हवं ते ऐकू येतं. खिडकी वाऱ्याने लागते. कडी? कडी तूच लावली असशील, दुःखात हाताला भान नसतं.

मीही मान हलवत होतो. मी लोखंडाचं काम करणारा माणूस. सांधा दिसला तर सांधा, भेग दिसली तर भेग. वाऱ्याने कडी लागत नाही हे मला कळतं. पण मामा म्हणत होता ते ऐकायला बरं वाटत होतं.

खरं सांगू? मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटत होतं. त्या बाईंना दोनदा तिचा आवाज ऐकू आला. मला एकदाही नाही. मी सख्खा भाऊ. मी पाठ करून बसलो होतो.

सकाळी आईला फोन लावला.

"आलं का छापून?" तिने पहिलंच विचारलं.

"नाही अजून."

"बघ!" आई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "मी म्हटलं नव्हतं? ते खात्री झाल्याशिवाय छापायचे नाहीत. अरे, काहीतरी गोंधळ झाला असेल. नावाला नाव असतं. तू नीट जेवतोस ना?"

शेजारच्या काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला. बाहेर जाऊन बोलल्या असाव्यात, कारण मागे गल्लीचा आवाज यायला लागला. "काय चाललंय रे तुझं? ती वाण्याकडे जाऊन सांगून आली, पोरगी येणार आहे, चांगला साबण ठेवा. आम्ही काही बोलायला गेलो तर म्हणते, छापून आलंय का? बाळा, तू तिला एकदा स्पष्ट सांग. जितकं लांबेल तितकं ती आत आत जाईल. मग काढता यायची नाही."

"छापून येईल आज," मी म्हणालो. "आज येईलच."

फोन ठेवला आणि मामाला म्हणालो, "आज मी मावशींजवळ बसणार. फोन मी करणार."

"तुला भाषा येत नाही."

"तिला येते ना माझी."

मामाने गाडीची किल्ली उचलली. पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

६

जायच्या आधी मी खोलीवर गेलो. तो फोन मी डोक्यावर उचलला होता, जमिनीवर आपटायला. पण बोलायच्या बाजूला कसलासा गुलाबी डाग होता, तिच्या ओठांचा. मी फोन कट्ट्यावर ठेवला. खिडकी कालपासून बंदच होती, तिची कडी हलवून बघितली. दाराला कुलूप घातलं. कुलूपही ओढून बघितलं.

दुपारचं लख्ख ऊन बोळात उतरलं होतं. मावशींनी नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला. मामा माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. माझ्या कानात घंटी वाजत होती. समोर, हात लांब केला तर लागेल अशा अंतरावर, ताईच्या खिडकीमागे काहीच वाजत नव्हतं.

मग कुणीतरी उचलला.

आवाज तिचाच होता. घरी बोलायची तो नव्हे. फोनवरचा, जरा खालच्या पट्टीतला, ज्यावरून आम्ही तिला चिडवायचो, "आल्या साहेबीणबाई." तिथल्या भाषेत ती काहीतरी म्हणाली, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत.

"ताई," मी म्हणालो.

पलीकडे वायरची सळसळ.

"ताई, मी आहे गं."

"हो," ती आपल्या भाषेत म्हणाली. "बोला."

तिने मला जन्मात कधी 'बोला' म्हटलं नव्हतं.

"ताई..."

"घाई नाही. सावकाश सांगा. कोण गेलं?"

मी समोर बघितलं. पडदा बाजूला होता. मी तो ओढून घेतला होता की नाही, आता नक्की आठवत नाही. खिडकी उघडी होती, हे मात्र दिसत होतं. आणि कट्ट्यावर, उन्हात, एक कोपर टेकलेलं होतं. फक्त कोपर, आणि त्याच्या वर बाहीची कड. फोनची वायर त्याच्या आत कुठेतरी हळूहळू गुंडाळली जात होती आणि सुटत होती. बोलताना बोटाभोवती गुंडाळतात तशी.

माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा मामाचा हात सुटला. तो मागे सरकला, एवढं मला कळलं.

"कोण गेलं?" तिने पुन्हा विचारलं. रागाने नाही.

मी ताईचं नाव सांगितलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. पलीकडे पेन्सिलीचा कागदावर घासल्याचा आवाज आला.

"वय?"

सांगितलं.

"काय झालं होतं?"

"ताप. मेंदूत गेला."

"त्रास झाला?"

"माहीत नाही. मी नव्हतो. मी नंतर आलो."

"असू दे," ती म्हणाली. "घरी कोण कोण आहे?"

"आई. आणि धाकटा भाऊ."

पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता. आता ती हसेल आणि मला शिवी देईल. पण ती म्हणाली, "भाऊ काय करतो?"

"वेल्डिंग."

"वाचता येतं त्याला?"

"थोडं थोडं. ओळ लांब असली तर नाही येत."

"बरं. मग मोठ्या अक्षरांत लावायला सांगते. ओळी आखूड ठेवते."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. ते कोपर जरासं हललं, जसं माणूस कागद पुढे ओढून घेतो.

"आईंना सांगितलं?" तिने विचारलं.

"त्यांना फोन आला होता संस्थेचा."

"ते नाही विचारलं. तुम्ही सांगितलंत का?"

"नाही."

"का?"

"छापून आल्यावर दाखवणार होतो."

"असं नका करू," ती म्हणाली, आणि एवढ्या एका वाक्यापुरता तो आवाज सकाळचा झाला, उंबऱ्यातला. "घरच्यांना आमच्याकडून कळू नये. आधी घरच्या माणसाने सांगायचं असतं. मग आम्ही." पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. "ऐकून फार वाईट वाटलं. काळजी घ्या."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी डोळ्याची पापणी लववली नव्हती, तरी कोपर तिथून कधी गेलं ते मला दिसलं नाही. कट्ट्यावर फोन होता, त्याची वायर ढिली पडलेली. बाकी ऊन.

मावशींनी भुवया उंचावून विचारलं.

"हो म्हणाले," मी मामाला म्हणालो. "सांगा त्यांना. घरून हो म्हणाले."

मामा भिंतीला टेकून उभा होता. मग तो बोलला, आणि मावशींनी चष्मा काढून ठेवला. कागद पुढे घेतला.

७

मी तोच फोन पुन्हा उचलला आणि मामाकडून घरचा नंबर फिरवून घेतला. आता नाही तर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं. मी विचार करत बसणारा माणूस नाही. विचार करत बसलो असतो तर तिथेच राहिलो असतो.

तिकडे दिवेलागण होऊन गेली असणार. बराच वेळ वाजत राहिला. मग आईने उचलला.

"आई, ऐक. मधे बोलू नकोस. ताई गेली."

मी थांबलो नाही.

"मी पाहिलंय तिला. मी स्वतः पाहिलंय, आई. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. मी तिला अग्नी दिला. कुणाचा गोंधळ नाही, नावाला नाव नाही. छापून येवो न येवो. मी सांगतोय तुला. तुझा मुलगा सांगतोय. ताई गेली. ऐकतेयस ना? ताई गेली!"

मी ओरडत होतो. आपण ओरडतोय हे मला आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून कळलं. सगळं ऑफिस उभं राहिलं होतं. संपादक आपल्या दारात आला होता. कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होतो आणि तरी मला हलकं वाटत होतं. दवाखान्यापासून छातीत धरून ठेवलेलं काहीतरी एकदाचं खाली ठेवलं होतं. आता आई रडेल, म्हटलं. रडू दे. काकू आहेत शेजारी. रडली की सुटेल.

आई रडली नाही. ती फोन तोंडाच्या अगदी जवळ घेऊन बोलायला लागली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हळू," ती कुजबुजली. "हळू बोल रे."

"आई?"

"आत्ता आली. दमून गेलीय नुसती. तोंडावर पाणीसुद्धा मारलं नाही, तशीच आडवी झालीय." आई थांबली. मला दिसत नव्हतं, पण तिने मान वळवून आतल्या खोलीकडे बघितलं, हे कळलं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "काहीतरी विचारत होती तुझ्याबद्दल. मी म्हटलं, उद्या बोलू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मावशी लिहायच्या थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. खाली अजून छपाई सुरू झाली नव्हती.

"बरं," मी म्हणालो, आणि आवाज खाली आणला.